घाटावरची माती

देशावर जाऊन आलो म्हटलं की आमच्याकडची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या देवाला?" अहो, मी देवाला गेलोच नव्हतो. मी मेंढरं शोधायला गेलो होतो. हे सांगितलं की लोक हसतात. मग तिथे काय पाहिलं ते सांगायला लागलो की हसणं थांबतं. तोंडी सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून हे लिहून काढतो आहे.

माझी भातखाचरं कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला. दिवाळी झाली की घाट उतरून बापू धनगर येतो. त्याचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, आमच्या कापलेल्या खाचरांतून बसतं, रोज रात्री एका खाचरात. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं आणि पुढच्या पावसात भात असं उठतं की बांधावरून चालणारा माणूस दिसत नाही. त्याच्या बदल्यात आम्ही बापूला तांदूळ देतो. माझ्या वडिलांच्या वेळी बापूचा बाप यायचा. हा शब्द आहे, त्याला कागद लागत नाही.

यंदा मार्गशीर्ष सरला, पौष लागला, तरी बापूचा पत्ता नाही. लढाई संपून थोडेच महिने झालेले, सगळीकडे रेशन आणि टंचाई, त्यामुळे अफवांना तोटा नव्हता. कोणी म्हणे रोगानं मेंढरं मेली, कोणी म्हणे बापूच गेला. मी रोज घाटाकडे बघत अंगणात येरझाऱ्या घालायचो आणि घरात सगळ्यांवर डाफरायचो. शेवटी आमची ही म्हणाली, "अहो, आमच्यावर ओरडून मेंढरं येणार आहेत का? जा की जाऊन बघा." मी तिरीमिरीत सुपारी, आमसुलं आणि सोड्यांची पुरचुंडी बांधली आणि निघालो.

कऱ्हाडहून विट्याला

घाट चढून कऱ्हाडला कसा पोचलो ते सांगत बसत नाही, अंगाचा खुळखुळा झाला एवढंच. पण कऱ्हाडहून पुढची मोटार मात्र सांगायलाच हवी. पेट्रोल मिळत नाही म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालत होती. मागे पिंपाएवढी भट्टी, तिच्यात कोळसा, आणि क्लीनर हातानं पंखा फिरवून ती फुलवतोय. अर्धा तास तो नुसता फिरवतच होता. मी म्हटलं, "अरे, ही मोटार आहे की लोहाराचा भाता?" तो म्हणाला, "बसा गपगुमान, न्हाईतर तुमालाच फिरवाय लावीन."

माझ्या शेजारी सांगलीकडचे एक जैन शेतकरी होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. घरी हळद काढून पडली होती आणि ती शिजवायला जळण मिळेना, म्हणून विट्याला व्याह्यांकडे काही सोय होते का बघायला निघाले होते. चढ आला की मोटार धापा टाकायची आणि आम्ही सगळे उतरून ढकलायचो. ढकलता ढकलता आप्पा मला म्हणाले, "आवं, हितनं जतपतूर बाभळ म्हनून ऱ्हायली न्हाई बगा. समदी ह्या मोटारीच्या पोटात गेली. कोळसा आता सोन्यावानी झालाय."

हे लक्षात ठेवा, कारण विट्याला उतरलो आणि माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास बसेना. मोटार थांबते त्या जागी क्लीनरनं कोळशाची रिकामी पोती झटकली. खाली भुकटी सांडली. तिथं एक उंच म्हातारा वाकून तरवडाच्या फोकांनी ती भुकटी झाडत होता आणि ओंजळीनं पोत्यात भरत होता. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. तो उभा राहिला तेव्हा मी जागच्या जागी थिजलो. बापू! घाट उतरताना दीडशे मेंढरांच्या पुढे छाती काढून चालणारा बापू धनगर मोटारीमागचा केर गोळा करत होता!

"बापू! अरे, हे काय?"

तो आधी दचकला, मग लाजला. "आण्णा, तुमी? आवं, सुनंनं धाडलंय."

"हे कशाला रे?"

"रानात टाकाया."

"रानात कोळसा? पिकाला शेक द्यायचाय की काय?"

त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. शेजारी त्याचं तट्टू उभं होतं, त्याच्यावर असलीच आणखी दोन पोती. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणूनच मेंढरं आली नाहीत!

माळावरून

बापूची वाडी विट्याच्या पलीकडे, माणच्या अंगाला. आम्ही तट्टाच्या मागून चालत निघालो. मी जन्मभर हिरव्यात राहिलेला माणूस. घराबाहेर पाऊल टाकलं की अंगाला पान लागतं, पायाला पाणी लागतं. आणि इथे? नुसता माळ. वर आभाळ, खाली मुरूम, मधे थंडगार वारा. झाड म्हणून दाखवायला एक बोरीचं झुडूप. एका विहिरीत मी खडा टाकला आणि पाण्याचा आवाज यायची वाट बघत उभा राहिलो. बापू म्हणाला, "चला आण्णा, आवाज यायचा न्हाई. पानीच न्हाई."

पण त्याहून मोठा धक्का मला वाटेतल्या गावांनी दिला. प्रत्येक भिंत शेणींनी भरलेली. बायका शेण थापून वाळवतात आणि अंगणात त्यांचा ढीग रचतात, त्याला हुडवा म्हणतात. ज्याच्या दारी हुडवा मोठा, त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक राजी. आणि त्या हुडव्याच्या पलीकडे शेत बघावं तर गुडघ्याएवढी ज्वारी, कणसं वितीची सुद्धा नाहीत. माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "बापू, जनावराचं शेण चुलीत घालता, मग शेतात काय घालता?"

"काय न्हाई," बापू म्हणाला.

"काहीच नाही?"

"आवं, मग भाकरी कशावर भाजायची? लाकूड हाय कुटं?"

 आमच्याकडे आम्ही शेण-पाला-टहाळ जमिनीवर पसरून पेटवतो, त्याला राब भाजणं म्हणतो, आणि त्या राखेत भाताची रोपं करतो. मला वाटायचं, जाळणं म्हणजे आमचीच मक्तेदारी. इथे तर अख्खं शेत चुलीत जात होतं.

मग चालता चालता बापूनं सुनेची गोष्ट सांगितली. तिचं नाव हौसा. बापूच्या रानात मधोमध एक तुकडा होता, दोन घोंगड्या अंथरल्या तर झाकेल एवढा. दुष्काळातसुद्धा त्या तुकड्यातली ज्वारी उभी राहायची. लोकांनी ठरवलं की तिथे म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला दगड बसवला, दरसाल नारळ फुटायला लागला, तिथल्या कणसाला कोणी विळा लावेना. बापूच्या आज्यापासून हे चाललेलं. आणि दोन वर्षांमागं ह्या हौसानं काय केलं असेल? तिनं म्हसोबाचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि खाली खुरप्यानं उकरलं!

"बापरे! मग?"

"मग काय, गाव आलं की आंगावर. पन खाली कोपरापतूर माती काळीकुट्ट, आन् तिच्यात कोळसंच कोळसं. माजा आजा सांगायचा, लय मागं घिसाडी लोक हितं पाल ठोकून ऱ्हायचे, भट्टी लावायचे. तवाचा कोळसा. त्यात त्यांच्या गाडवांचं मूत, चुलीची राख, समदं मुरल्यालं." बापूनं पटका सारखा केला. "माज्या बाच्या बानं कोळशाला नारळ फोडला, आण्णा, आन् मीबी फोडला."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं.

वाडी

हौसा म्हणजे मला वाटलं होतं डोईवर पदर घेऊन दाराआड उभी राहणारी कोणी असेल. छे! आम्ही पोचलो तेव्हा ती कुऱ्हाडीच्या माथ्यानं दगडावर कोळसा फोडत होती. नाकापासून कपाळापर्यंत काळी. बापूनं ओळख करून दिली तशी उठली, वाकून पाया पडली आणि मला म्हणाली, "आण्णा, तुमी मेंढरं न्यायला आलासा. ती मिळायची न्हाईत. पाय धुवा, जेवा."

सुपारीची पुरचुंडी माझ्या हातातच राहिली.

पाय धुवायला दगडावर उभा राहिलो तर पाणी खालच्या नाळीतून थेट एका खड्ड्यात गेलं. आंघोळीचं, भांड्यांचं, सगळं पाणी तिकडेच. खड्ड्यात ज्वारीची धसकटं, भुसा, पाला, राख आणि काळी भुकटी थराथरानं भरलेली, वरून मातीनं लिंपलेलं. सकाळी मी लोटा घेऊन माळाकडे निघालो, तर बापू मागून हळूच आला आणि कानाशी म्हणाला, "आण्णा, लघ्वीला लांब जाऊ नगासा. हितं गोठ्यामागं कोळशाचा ढीग हाय, त्येच्यावर."

"काय?"

"दवडायची न्हाई म्हनती सून. मला बी तसंच करावं लागतंय."

सांगायला लाज वाटते, पण चार दिवस मी तेच केलं. आमच्या हिला हे सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

हौसाची रीत अशी. गुडघाभर खोल चर खणायचा. त्यात तुरकाठ्या, तरवड, बोरीचे काटे, जे मिळेल ते घालून पेटवायचं. जाळ बसला आणि काटक्या लालबुंद झाल्या की वरून माती लोटायची. राख होऊ द्यायची नाही. "तुमी राब भाजता," ती मला म्हणाली, "त्यातलं निम्मं वाऱ्यावर जातंय. मी दार लावून जाळते." मग तो कोळसा फोडून मेंढरांच्या वाडग्यात अंथरायचा. काट्याच्या कुंपणाच्या त्या आवारात मेंढरं रात्री बसतात. लेंड्या-मूत कोळशात मुरलं की खरवडून खड्ड्यात घालायचं आणि कुजलं की पेरणीआधी रानात. पहिल्या साली तिनं नुसता कोरडा कोळसा रानात टाकला होता. तेव्हा पीक पिवळं पडलं. "कोरडा कोळसा म्हंजी उपाशी पाव्हना," ती म्हणाली. "आधी त्यालाच जेवाय लागतंय. त्याचं पोट भरलं की मग दुसऱ्याला देतोय."

जेवायला हुलग्याचं माडगं होतं. हुलगा म्हणजे आपला कुळीथ, त्याची ही पातळ पेज, लसूण घालून केलेली. बरोबर भाकरी आणि असा काही ठेचा, की मी पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढलं. भात नाही. चार दिवस भात नाही! तिसऱ्या दिवशी मला स्वप्नात भाताचा वास आला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला रान दाखवलं. बांधाच्या अलीकडे शेजाऱ्याचं रान, पलीकडे हिचं. एकच माळ, एकच पाऊस, आणि यंदा तो सुद्धा एकदाच बरा पडलेला. शेजाऱ्याच्या रानात शाळू, म्हणजे ही थंडीतली ज्वारी, पानं गुंडाळून उभा होता, उभ्या उभ्या वाळलेला. हिच्या काळ्या वावरात माझ्या डोक्याच्या वर ताटं गेलेली, कणसं मुठीत मावत नव्हती. मी वाकून माती हातात घेतली. बाकीच्या माळावर बोट सुद्धा रुतत नव्हतं, आणि इथे आत ओल होती. पौषात! पाऊस जाऊन इतके महिने झाल्यावर! मी ती मूठ कितीतरी वेळ सोडलीच नाही. 

तिनं मोजून पाच कणसं मोडली आणि गोवऱ्यांच्या नाही, तर काटक्यांच्या निखाऱ्यावर भाजून हुरडा दिला. इतका गोड हुरडा मी कधी खाल्ला नव्हता. खरं म्हणजे मी हुरडा कधी खाल्लाच नव्हता, पण गोड होता.

"एवढी पाचच?" मी म्हटलं.

"पाच बी लय झाली. ह्यो शाळू माजा न्हाई, माज्या मालकाचा हाय."

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा शिदा मुंबईला गिरणीत. दसऱ्याला येऊन सांगून गेला होता, की काळ्या वावरात यंदा शाळू आला आणि घराचं पोट भरलं, तर तो गिरणी सोडून परत येईल. नाही आला, तर मेंढरं विकायची आणि म्हाताऱ्यासकट सगळ्यांनी चाळीतल्या खोलीत जाऊन राहायचं. "यंदा भरंल, पर त्यो आल्यावर फुडं एका वावरात घराचं पोट कसं भरंल? म्हनून दुसऱ्या वावराला कोळसा तयार केलाय. त्यात मुरवायला लेंडी-मूत पायजे. ते खाली कोकनात धाडलं तर मी काय घालू? म्हनून मेंढरं ठेवली."

आता मात्र माझं डोकं सणकलं. "आणि माझं काय? माझ्या वडिलांपासूनचा शब्द आहे! माझी खाचरं उघडी पडलीत!"

"आण्णा, ह्या मेंढरांनी आट महिनं कुटला पाला खाल्ला?"

"चार महिने माझा खातात!"

"खात्यात की. पन हितनं ताकद घिऊन येत्यात आन् तुमच्याकडं टाकून येत्यात. किती वर्सं झाली? हितनं समदं खालीच गेलं. लेंडी गेली, मूत गेलं, मानसं बी गेली. परत काय आलं? तांदूळ. त्यो खाऊन संपला."

 माझं भात, माझं भात म्हणून मी उभ्या पंचक्रोशीत मिरवलो. आणि इथे ह्या उघड्या बोडक्या माळावर उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की ते उठत होतं कशावर. वडिलांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही ठाऊक नसणार. मला तर नीट जेवणही गेलं नाही.

कुंपणापाशी

पण मेंढरांचं काय? ती उपाशी होती, हे मला दिसत होतं. माळावर खायला काही उरलं नव्हतं. बापू दिवसभर त्यांना हिंडवून आणायचा आणि ती तशीच पोटं खपाटीला घेऊन परत यायची. दुधाविना एक कोकरू मेलं. बापूनं ते उचलून छातीशी धरलं.

चौथ्या दिवशी उजाडताना मेंढरांच्या ओरडण्यानं मला जाग आली. बाहेर येऊन बघतो तर वाडग्याची काटेरी झाप उघडी! सगळं खांड काळ्या वावराच्या कुंपणाला भिडलेलं, मानेवर मान टाकून ओरडतंय. आतला शाळू वाऱ्यानं हलतोय आणि त्याचा वास ह्यांच्या नाकात. आणि कुंपणाच्या शिपाट्याला, त्या काटेरी फांदीला, हात घालून बापू उभा. एक ओढ, की सगळं खांड आत. दुपारपर्यंत रानात धसकट उरलं नसतं.

 मी ओरडणार, तेवढ्यात हौसा आली. धावली नाही, ओरडली नाही. बापूच्या समोर येऊन उभी राहिली.

"उगडा, मामंजी."

बापू हलला नाही. त्याच्या हातातून रक्त येत होतं, काटे रुतले होते.

"उगडा की. तुमची मेंढरं हायती, तुमचंच रान हाय. मी अडवत न्हाई. आजच मालकाला कळवते, येऊन घिऊन जावा म्हनून."

"पोरी, मरत्यात गं ती," बापू म्हणाला. "डोळ्यांम्होरं मरत्यात." आणि तो एवढा उंच माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. तीही रडायला लागली. पण कुंपणापासून ती हलली नाही, आणि त्यानंही काटा सोडला नाही. मेंढरं दोघांना ढोसत होती. मी आयुष्यात बरंच काही पाहिलंय, महापुरात गुरं वाहून जाताना पाहिलीत, पण असं काही पाहिलं नव्हतं. दोघंही खरी, आणि दोघांपैकी एकाचं जाणार!

मला रागच आला. कोणाचा ते कळेना, पण आला. मी पुढे होऊन बापूचा हात काट्यातून सोडवला आणि म्हटलं, "रडताय काय दोघं? मेंढरं आज निघतील. माझ्याकडे घाटाखाली पाला आहे, गवत आहे, पाणी आहे. जगतील."

"आन् माजं वावर?" हौसा माझ्यावर उसळली.

"तुला काय हवंय ते बोल!"

तिनं पदर खोचला. तोंडावरचा कोळसा आसवांनी ओघळला होता. मग म्हणाली, "तांदूळ नको."

"काय?"

"तांदूळ नको, आण्णा. तुमच्याकडं लाकूड लय हाय. तितं चर खना, मी केला तसा कोळसा करा, फोडा, आन् मेंढरं बसत्यात तितं त्यांच्या खाली आंतरा. निम्म्या खाचरांत पडंल ते तुमचं तुमाला लखलाभ. निम्म्या खाचरांतला कोळसा खरवडून माज्या चार तट्टांवर लादून द्या. दरसाल तांदळाची पोती येत्यात, त्यापरीस माजी माती परत द्या."

"अगं, चार तट्टांवर किती जाणार?"

"विरजनापुरतं तरी जाईल. पुढं मी मुरवते."

तांदूळ नको, माती द्या! आमच्या बाजूला असं कोणी मागितलं असतं तर भगत बोलावला असता. मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणायला तोंडच नव्हतं.

त्याच दुपारी खांड निघालं. ते पश्चिमेला लागलं तशी मेंढरांच्या पायांत जीव आला, वाट त्यांना ठाऊक होती. हौसा काळ्या वावराच्या बांधावर उभी होती. ती हात हलवायची वगैरे नाही. बापूनं मागे वळून बघितलं तेव्हा ती कुंपणाची फट काट्यांनी बुजवत होती.

परत खाली

कऱ्हाडपर्यंत मी मेंढरांबरोबर चाललो. पुढे पाय चालेनात म्हणून कोळशाच्याच मोटारीनं आलो, आणि ह्या खेपेला क्लीनरनं न सांगता मी पंखा फिरवला.

घरी आल्यावर मी खाचराच्या कडेला चर खणायला घेतला तेव्हा अख्खं गाव बघायला आलं. "आण्णांना देशावर काहीतरी लागलं," असं बोललं गेलं. मी ऐन-किंजळीच्या झाडांचे टहाळ जाळून वर माती लोटली, तर ही म्हणाली, "राब असा पुरतात का कुठे? राख कुठाय?" मी म्हटलं, "दार लावून जाळतोय." तिनं कपाळाला हात लावला. मेंढरांखाली कोळसा अंथरला तेव्हा तर शेजारच्या भाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं, प्रकृती ठीक आहे ना. मी त्यांना गोठ्यामागच्या ढिगाचं सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

चैत्र गेला. वैशाखात एका दुपारी बापू झाडाखाली लोकर कातरत बसलेला, आणि घाटाच्या वाटेनं एक तरणा माणूस चार तट्टं घेऊन उतरताना दिसला. अंगात गिरणीवाल्याचा सदरा, पायात बूट, ते घाटात फाटलेले. तट्टांवर रिकामी पोती. मला वाटलं कोणी व्यापारी. बापूनं मात्र कातर खाली टाकली आणि उभा राहिला.

"शिदा? रं, तू कवा आलास?"

"सुगीलाच आलो. गिरणीतलं खातं सोडलं," तो म्हणाला. "कणगी भरली, आबा. लोकं बगाय येत्यात." मग माझ्याकडे वळला, वाकून नमस्कार केला. "आण्णा, हौसानं धाडलंय. आमची माती न्यायला आलोय."

 घाटाखाली तांदूळ न्यायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, लाकूड न्यायला, मासळी न्यायला आलेली पाहिली आहेत. घाट उतरून माती न्यायला आलेला माणूस माझ्या बापजन्मात कोणी पाहिला नव्हता. बापूला मात्र त्या मातीचं काहीच नव्हतं. तो लेकाच्या पाठीवरून, दंडावरून नुसता हात फिरवत होता, मेंढरू चाचपावं तसा.

दोघांनी खाचरांतून काळी भुकटी खरवडून पोती भरली. आमच्या हिनं तरी पायलीभर तांदूळ पुढे केला. शिदा आधी नको म्हणाला, मग हसला. "द्या तेवडं, काकी. तिला भात लय आवडतो, पन बोलायची न्हाई." तट्टं लादताना एका पोत्याचं तोंड सुटलं आणि थोडी भुकटी माझ्या अंगणात सांडली. शिदा खाली बसून ती ओंजळीनं गोळा करायला लागला.

मी आत जाऊन केरसुणी आणली आणि उरलेली सगळी झाडून त्याच्या पोत्यात भरून दिली.